चिप दुसऱ्याची, तरी रॉयल्टी क्वालकॉमची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्वालकॉम या अमेरिकी कंपनीचे तिमाही निकाल लागले की आपल्याकडच्या बातम्यांत तिचा उल्लेख ‘मोबाइलच्या चिप बनवणारी कंपनी’ असा होतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. भारतात आता एवढे मोबाइल जुळवले जात असताना हा अपुरेपणा आपल्याला परवडणारा नाही, असे दूरसंचार क्षेत्रात उमेदीची वर्षे घालवलेला एक निवृत्त अभियंता म्हणून मला मनापासून वाटते.

काही दिवसांपूर्वी पुण्यात तपकीर गल्लीतील एका दुकानात फोन दुरुस्तीला नेला होता. कारागिराने बोर्डवरचे पत्र्याचे झाकण गरम हवेने सोडवून उचलले आणि आतली चिप दाखवली. ती मीडियाटेक या तैवानी कंपनीची होती. म्हणजे क्वालकॉमचा या फोनशी काही संबंध नाही, असा निष्कर्ष शेजारी उभ्या असलेल्या तरुण ग्राहकाने लगेच काढला. नेमका इथेच आपला गैरसमज होतो. चिप कोणाचीही असो, फोन ४जी किंवा ५जी मानकानुसार, म्हणजे सर्व कंपन्यांनी पाळायच्या समान तांत्रिक नियमांनुसार, चालत असेल, तर त्या मानकात बसलेल्या पेटंटसाठी फोन बनवणाऱ्या कंपनीकडे रॉयल्टी मागण्याचा हक्क क्वालकॉम सांगते, आणि जगातील बहुतेक मोठ्या फोन कंपन्यांनी तिच्याशी तसे परवाना करार केलेले आहेत.

या कंपनीचे मुख्य व्यवसाय दोन. चिप आणि त्यावरचे सॉफ्टवेअर विकणारा विभाग म्हणजे क्यूसीटी, आणि पेटंटचे परवाने देणारा विभाग म्हणजे क्यूटीएल. क्यूएसआय हा तिसरा, गुंतवणुकीचा विभाग आकाराने लहान आहे. २०२० मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये कंपनीने ७३० कोटी रुपये घातले, ते याच प्रकारच्या गुंतवणुकीत मोडतात. सप्टेंबर २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एकूण उत्पन्न सुमारे ३९ अब्ज डॉलर होते. त्यापैकी चिप विभागाचे सुमारे ३३ अब्ज आणि परवाना विभागाचे साडेपाच अब्जांच्या आसपास. केवळ विक्रीचे आकडे पाहिले तर परवाना विभाग किरकोळ वाटतो. मात्र त्याच वर्षी चिप विभागाला उत्पन्नाच्या शंभर डॉलरमागे साधारण २९ डॉलर करपूर्व नफा झाला, तर परवाना विभागाला सुमारे ७२ डॉलर. हा फरक वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते: ज्या संशोधनातून पेटंट निघतात, ते संशोधन परवाना विभागात होतच नाही, त्यामुळे त्याचा खर्चही त्या विभागाच्या नफ्यात फारसा दिसत नाही.

ते कुठे होते, हे समजून घ्यायचे तर कंपनीची कायदेशीर रचना पाहावी लागते, आणि माझ्या मते सगळ्यात बारकाईने वाचण्यासारखी गोष्ट तीच आहे. १ ऑक्टोबर २०१२ पासून कंपनीने आपल्या घराच्या दोन खोल्या केल्या. क्वालकॉम इन्कॉर्पोरेटेड या मूळ कंपनीकडे बहुतांश पेटंट आणि परवाना व्यवसाय राहिला. क्वालकॉम टेक्नॉलॉजीज या पूर्ण मालकीच्या उपकंपनीकडे जवळजवळ सर्व संशोधन आणि चिपसह उत्पादनांचा व्यवसाय गेला. या उपकंपनीला मूळ कंपनीच्या पेटंटवर कोणालाही परवाना देण्याचा अधिकार नाही, असे कंपनी आपल्या वार्षिक अहवालात स्पष्ट लिहिते. उत्पादन व्यवसायात, विशेषतः मुक्तस्रोत (कोणालाही वापरता आणि बदलता येणारे) सॉफ्टवेअर वापरताना, उद्भवणाऱ्या दाव्यांची झळ पेटंटना लागू नये, हे कारण कंपनीने त्या वेळी सांगितले होते. थोडक्यात, शोध लावणारे अभियंते एका खोलीत आणि त्या शोधांची कागदपत्रे दुसऱ्या खोलीत, कुलूपबंद.

भिंत अशी पक्की असली, तरी दोन्ही व्यवसायांची ताकद एकमेकांच्या शेजारी राहण्यातच आहे. कंपनीच्या धोरणानुसार ज्याने पेटंट परवाना घेतलेला नाही, त्याला चिप विकली जात नसे. ‘परवाना नाही, तर चिप नाही’ असे त्याला या व्यवसायात म्हटले गेले. शिवाय परवाना प्रतिस्पर्धी चिप कंपन्यांना न देता फोन बनवणाऱ्यांना दिला जातो, त्यामुळे रॉयल्टी काही डॉलरच्या चिपवर नव्हे, तर पडदा, कॅमेरा, बॅटरी यांसह अख्ख्या फोनच्या घाऊक विक्री किमतीवर मोजली जाते. कंपनीने जाहीर केलेला दर, ५जी बरोबर जुनी मानकेही चालवणाऱ्या फोनसाठी, केवळ मानकाला अत्यावश्यक असलेल्या पेटंटपुरता ३.२५ टक्के आहे, आणि त्यासाठी फोनची किंमत ४०० डॉलरपर्यंतच धरली जाते. कारखान्यातून बारा हजार रुपयांना निघणाऱ्या फोनवर हे ३९० रुपये होतात. महागड्या फोनवर मात्र कमाल १३ डॉलर. टक्केवारीने पाहिले तर मर्यादेमुळे भार हलका होतो तो वरच्या गटाचा, स्वस्त फोनला ती सवलत मिळत नाही. प्रत्यक्ष करार वाटाघाटींनी ठरतात हे खरे, पण वाटाघाटीच्या टेबलावर समोर ज्याची चिप हवी आहे तोच बसलेला असेल, तर छोट्या उत्पादकाची बाजू लंगडी पडते.

हे सर्व न्यायालयांनी तपासलेले आहे आणि निकाल एका दिशेचे नाहीत, हेही मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१५ मध्ये चीनच्या नियामकाने सुमारे ९७.५ कोटी डॉलर दंड केला आणि तिथे विकल्या जाणाऱ्या फोनसाठी रॉयल्टी किमतीच्या ६५ टक्के भागावरच मोजण्याची अट घातली. अमेरिकेत मे २०१९ मध्ये न्यायाधीश ल्यूसी को यांनी या पद्धती स्पर्धाविरोधी ठरवल्या. ऑगस्ट २०२० मध्ये नवव्या सर्किट अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. अ‍ॅपलशी चाललेला तंटा १६ एप्रिल २०१९ रोजी, सॅन डिएगोच्या न्यायालयात वकिलांची प्रारंभीची मांडणी चालू असतानाच मिटला, आणि त्या दिवशी दोन करार एकत्र जाहीर झाले: एक सहा वर्षांचा परवाना आणि दुसरा चिप पुरवठ्याचा. दोन व्यवसाय किती जोडलेले आहेत, हे यापेक्षा स्पष्ट दिसणे कठीण. २०१५ मध्ये जाना पार्टनर्स या भागधारक संस्थेने दोन्ही व्यवसाय वेगळे करण्याचा विचार करा म्हटले होते. वर्षाअखेरीस संचालक मंडळाने एकत्रच राहण्याचे ठरवले, याचे मला तरी आश्चर्य वाटले नाही.

या कंपनीबद्दल मला आदर आहे. १९८५ मध्ये अर्विन जेकब्स, अँड्र्यू व्हिटर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती स्थापन केली आणि सीडीएमए तंत्र (एकाच वारंवारतेवरची अनेकांची संभाषणे संकेतांनी वेगळी ठेवणारे) मोबाइलवर चालणारच नाही असे जाणकार म्हणत असताना ते चालवून दाखवले. १९९९ च्या सुमारास बेस स्टेशनचा (मोबाइल टॉवरवरच्या यंत्रणेचा) व्यवसाय स्वीडनच्या एरिक्सनला आणि हँडसेटचा जपानच्या क्योसेराला देऊन टाकला, कारण आपल्याच ग्राहकांशी स्पर्धा करत त्यांना चिप आणि परवाने विकता येत नाहीत. आपल्याकडे २००२-०३ मध्ये रिलायन्सचे सीडीएमए फोन घराघरांत पोहोचले, तेव्हा त्यामागेही याच कंपनीचे तंत्र होते. २०१० च्या लिलावात तिने मुंबई, दिल्ली, हरियाणा आणि केरळचा ब्रॉडबँड स्पेक्ट्रम सुमारे ४,९१२ कोटी रुपयांना घेतला, आपल्याला हवे ते एलटीई (४जी) तंत्र इथे रुजावे म्हणून, आणि पुढे तो व्यवसाय भारती एअरटेलकडे सोपवून ती बाजूला झाली. सेवा देणे हा तिचा धंदा कधीच नव्हता.

अशा कंपनीला संशोधनाचा मोबदला मिळायलाच हवा. तो कशावर मोजावा, हा प्रश्न मात्र आपल्याकडे अजून पुरेसा चर्चिला गेलेला नाही. एरिक्सनच्या पेटंटबाबत लाव्हा या भारतीय फोन कंपनीला मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने २४४ कोटी रुपये भरण्यास सांगितले. ती बातमी किती वाचकांपर्यंत पोहोचली? तेवढ्यात नवा कारखाना किती एकरांवर उभा राहणार, याचे मथळे मात्र पहिल्या पानावर होते.

म्हणून माझी आपल्याला एक साधी विनंती आहे. यापुढे क्वालकॉमचे निकाल छापताना चिप आणि परवाना या दोन विभागांचे उत्पन्न व करपूर्व नफा स्वतंत्र ओळींत द्यावा, आणि भारतात जुळवलेल्या फोनच्या निर्यातीचे आकडे देताना त्यातील किती रक्कम पेटंट परवान्यांपोटी बाहेर जाते, हे संबंधित मंत्रालयाला आपल्या प्रतिनिधींनी विचारावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता, पुणे