पावती नाही, म्हणून दाद नाही

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. दवाखान्यात काही चुकलं म्हणून माझ्याकडे येणाऱ्या माणसाला मी सगळ्यात आधी विचारतो, "पैसे भरल्याची पावती आहे का?" काय झालं, कसं झालं, हे मग. असं विचारताना मला दर वेळी लाज वाटते. पण पुढचा सगळा रस्ता त्या पावतीवर ठरतो.

पावसाळ्यात एक गवंडी आणि त्यांची बायको आले. त्यांच्या परवानगीनेच लिहितो आहे, नाव-गाव देत नाही. कामावर पडून त्यांचं उजवं मनगट मोडलं. एका सरकारी रुग्णालयात प्लास्टर घातलं. रात्री बोटं टरारून सुजली, ठणका सहन होईना. दुसऱ्या दिवशी बोटं काळी-निळी दिसायला लागली. बाई तीनदा सांगायला गेल्या. "सूज आहे, उतरेल, हात उंच धरा," एवढंच उत्तर मिळालं. प्लास्टर कापलं तिसऱ्या दिवशी, तोवर उशीर झाला होता. हात कोपराखालून काढावा लागला.

कापडाच्या दुकानाच्या पिशवीतून त्यांनी केस पेपर, डिस्चार्ज कार्ड आणि ओल लागून एकमेकांना चिकटलेल्या एक्स-रे फिल्म टेबलावर ठेवल्या. मी वकीलपत्र पुढे केलं तसे ते थबकले. आयुष्यभर सही केलेला माणूस. मी शाईचं पॅड सरकवलं, त्यांनी डावा अंगठा उठवला आणि मग कितीतरी वेळ तो अंगठा पँटला पुसत राहिले.

पावती त्यांच्याकडे नव्हती. असणार कुठून?

सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 1995 रोजी ठरवून दिलं की पैसे देऊन घेतलेला उपचार ही 'सेवा' आहे आणि असा रुग्ण ग्राहक न्यायालयात (आताच्या ग्राहक आयोगात) जाऊ शकतो. काही जण पैसे भरतात आणि काहींना मोफत मिळतं, अशा ठिकाणच्या मोफत रुग्णालाही तो हक्क आहे. जिथे सगळ्यांनाच मोफत मिळतं, तिथल्या रुग्णाला मात्र नाही. आपल्या विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून सगळे उपचार मोफत झाले. निर्णय चांगलाच आहे, माझ्या कित्येक अशिलांची घरं त्याने वाचवली. पण त्याच निर्णयाने त्यांच्यासाठी ग्राहक आयोगाचं दारही लागून गेलं, याचा विचार तेव्हा कोणी केल्याचं दिसत नाही. ग्राहक आयोगातही तारखा पडतात, तीन महिन्यांत निकाल हे कायद्याच्या पुस्तकातच राहतं. तरी गरिबाला परवडणारी जागा तीच आहे.

मग उरतो दिवाणी दावा. तो कसा चालतो ते सांगतो.

औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 10 जुलै 1963 ला एक बाई बाळंत झाल्या. 13 तारखेला त्यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप चढला, पोट दुखायला लागलं. 19 तारखेला पोट पुन्हा उघडलं, तर आत रक्त टिपायचा कपडा राहिलेला. 24 जुलैला त्या गेल्या. कपडा सापडला होता, तो सरकारच्या डॉक्टरांनीच काढला होता. खालच्या न्यायालयाने नवऱ्याला आणि मुलांना 36,000 रुपये दिले. एवढ्या रकमेसाठी राज्य सरकार अपिलात गेलं, आणि उच्च न्यायालयाने राज्यावर जबाबदारी येत नाही म्हणत निकाल फिरवला. नवरा दिल्लीपर्यंत गेला. फेब्रुवारी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते 36,000 रुपये कायम केले. रुग्णालय चालवणं हे राज्याचं सार्वभौम कार्य, म्हणजे ज्यातल्या चुकीसाठी राज्यावर दावा लागत नाही असं काम, नाही, आणि नेमका कोणाच्या हातून कपडा राहिला हे रुग्णाने सिद्ध करायची गरज नाही, असं बजावलं. त्या जुलैत जन्मलेल्या मुलाचं वय तोवर 32 झालं असणार.

खासगी डॉक्टरविरुद्धचीही एक जुनी केस आपल्याकडचीच आहे. गुहागरजवळच्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर 1953 मध्ये एका तरुणाची मांडी मोडली, पुण्यात उपचारादरम्यान तो गेला, आणि 1968 मध्ये आईवडिलांना 3,000 रुपये मिळाले. पंधरा वर्षं. सरकारशी गाठ पडली तर तेहतीस.

मंत्रिमहोदय, डॉक्टरांना तुरुंगात घाला असं माझं म्हणणं मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो असं ठरवलं, ते योग्यच झालं. प्लास्टर बघायला न आलेल्या त्या निवासी डॉक्टरवर त्या रात्री अख्खा वॉर्ड होता, हे मलाही कळतं. म्हणूनच भरपाई राज्याने द्यावी, कोणा एकाला खलनायक ठरवायची वाट न बघता. नसबंदीत दगावलेल्या किंवा शस्त्रक्रिया फसलेल्या रुग्णांसाठी अशी सोय सरकारने 2005 पासून केलेली आहेच. मग मनगटाच्या प्लास्टरने काय पाप केलं?

राज्याने कायदा करून सरकारी रुग्णालयांतल्या रुग्णांसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणासारखी एक जागा द्यावी. तिथे वैद्यकीय मत देणारे डॉक्टर तरी आपल्या विभागाबाहेरचे असावेत. आज रुग्णालयही तुमचं, चौकशी समितीही तुमची, आणि अहवाल काय येणार हे अर्ज करतानाच माहीत असतं. जिथे चूक स्वच्छ दिसते तिथे सरकारी वकिलाला अपील करायला लावू नका.

आणि कागद द्या. मागितल्यापासून 72 तासांत नोंदी द्यायच्या, असा नियम 2002 पासून आहे. रुग्णाला त्या मिळाल्याच पाहिजेत, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितलं आहे. आमच्या गवंड्याला डिस्चार्ज कार्डापलीकडे काही मिळालं नाही. "माहिती अधिकारात टाका," असं खिडकीवर सांगितलं. त्या रात्री सिस्टरने काय लिहिलं, किती वाजता लिहिलं, डॉक्टरांना कळवलं की नाही, सगळी केस त्या इनडोअर पेपरमध्ये, म्हणजे भरती असतानाच्या वॉर्डातल्या नोंदींमध्ये, आहे.

सरकारवर दिवाणी दावा लावण्याआधी द्यावी लागते ती कलम 80 ची नोटीस मी पाठवली आहे. उत्तराला दोन महिन्यांची मुदत असते. "आरोप अमान्य आहेत" असा ठरीव मजकूर येऊ नये एवढं आपण या वेळी पाहा. इनडोअर पेपरचा अर्ज मात्र तिसऱ्यांदा दिला आहे. तेवढे कागद त्याआधी द्यायला सांगा.

आपला,
जिल्हा न्यायालयातील एक वकील