माझ्या झोक्यांना अतिक्रमण म्हणू नका : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

खान्देशातल्या एका शहरात मी २८ वर्षं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. ग्रिल, शटर, पत्र्याचे शेड, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची वेल्डिंग हे माझं रोजचं काम. मंत्र्यांना पत्र लिहायची सवय नाही. पण मागच्या मंगळवारी मला दोन ओळींचं सरकारी पत्र आलं. बाजारपेठेतल्या चौकात आम्ही उभे केलेले तीन झोके ‘विनापरवाना अतिक्रमण असल्याने हटविण्यात आले आहेत’ असं त्यात लिहिलं आहे. पत्र येण्याच्या ११ दिवस आधीच, रात्री दोनच्या सुमारास, ते गॅस कटरनं कापून नेले होते. पंचनामा नाही, नोटीस नाही. सकाळी दूधवाल्यानं फोन केला तेव्हा मला कळलं.

आपण दीड वर्षापूर्वी आमच्याकडे बाजारपेठ सुशोभीकरणाच्या भूमिपूजनाला आला होता. काम इथल्याच कारागिरांच्या हातून होईल, बाहेरून काही आणणार नाही, असं आपण मंचावरून म्हणालात. मी तिसऱ्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्याच आठवड्यात आम्हाला बैठकीला बोलावलं गेलं. मी, शाळेतले ड्रॉइंगचे सर आणि आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे एक निदेशक. चौकासाठी काहीतरी वेगळं सुचवा, म्हणाले. लोक नुसतं बघणार नाहीत, लोकांनी हात लावला की चालेल, बोलेल असं काहीतरी.

साहेब, आम्ही सुचवलं ते परक्या मुलखातून आणलेलं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी निंबाला झोका बांधतात हे तुम्हाला मी सांगायला नको. बारागाड्या, म्हणजे एकामागे एक बांधलेल्या बारा गाड्या, ओढताना अख्खं गाव धावतं. जळगावचा रथ १८७२ पासून कार्तिकी एकादशीला निघतो आणि एवढं मोठं धूड चाकाला मोगरी म्हणजे लाकडी पाचर लावणाऱ्यांच्या नजरेवर वळतं, थांबतं. एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याचे झुलते मनोरे आमच्या आज्यापणज्यांनी पाहिले, एक हलवला की दुसरा हलायचा. हलणारी, माणसाच्या हाताला उत्तर देणारी वस्तू उभी करणं ही आमच्या मातीतली विद्या आहे. सरांनी दाखवलं की कॅनडात मॉन्ट्रियल शहरात २०११ साली भर वस्तीत २१ झोके लावले. प्रत्येक झोक्याला वेगळा सूर, आणि अनोळखी माणसं एका लयीत झुलली की सुरांची एक नवीच जुळणी ऐकू येते. ते बघून मी म्हटलं, सर, आपण बारा लावू. बारागाड्यांसारखे.

नमुन्याचे तीन झोके मी बनवले. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, लोखंडाच्या पाटावर पोर बसलं तर भाजेल, म्हणून सागाच्या फळ्या घेतल्या. धूळ आत जाऊ नये म्हणून बंद बेअरिंगं. एकेका झोक्यावर दोन क्विंटल गव्हाच्या गोण्या ठेवून तीन दिवस झुलवून पाहिलं. पाटाखाली चुंबक, खांबात स्विच, वर सोलरची प्लेट. एक झोका हलला की संबळ वाजायचा, दुसऱ्यातून आदिवासींची फुंकून वाजवायची पावरी, तिसऱ्यातून जात्याची घरघर. ती घरघर माझ्या आईच्या जात्याची आहे, तिच्याच हातून दळण घेऊन सरांनी मोबाइलवर रेकॉर्ड केली. आई त्यानंतर चार महिन्यांनी गेली.

खर्च १,७४,००० रुपये झाला. मजुरी धरलेली नाही, सरांनी आणि निदेशकांनी एक रुपया घेतला नाही. पैसे मंजूर होतील, तुम्ही काम सुरू करा, असं मला फोनवर सांगितलं होतं. लोखंडवाला फोनवरच्या शब्दावर माल देत नाही. मी बायकोची पोत गहाण ठेवली. ती अजून सुटलेली नाही. गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नात ती काळ्या मण्यांच्या साध्या पोतीवर गेली आणि बायकांनी विचारलं तेव्हा सोन्याची घरी विसरली म्हणून सांगितलं. हे मी सगळ्यांसमोर लिहितो आहे, तिला न विचारता लिहितो आहे, कारण तुमच्या फायलीत याचा रकाना कुठेच नाही.

मागच्या आखाजीला झोके लागले. पंधरा दिवसांसाठी म्हणून लावले, ते आठ महिने राहिले, कारण कार्यालयातलेच लोक म्हणाले, राहू द्या, लोकांना आवडतात. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मी नव्हतो, ते होते. चालेल. पण बाजारात काय झालं ते ऐका. खेड्यावरून लग्नाचा बस्ता घ्यायला येणारी माणसं दिवसभर दुकानांच्या पायऱ्यांवर बसतात. बायकांना टेकायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही, पोरं रडतात. झोक्यांपाशी ती माणसं थांबायला लागली. गोळेवाला रात्री दहापर्यंत गाडी लावायला लागला. साडीच्या दुकानाच्या मालकानं स्वतःच्या खर्चानं वर हिरवी जाळी टाकली. एक सत्तरीची म्हातारी जात्याच्या झोक्यावर बसली आणि उठेचना. म्हणाली, ‘‘माले माहेरनी याद उनी रे भाऊ.’’ ऑनलाइन खरेदीनं आमची पेठ ओस पडत चालली आहे अशी भाषणं तुम्ही करता. पेठेत माणूस कशानं येतो हे आम्ही तीन झोक्यांत दाखवलं होतं.

मग दिवाळीला निविदा निघाली. गेल्या तीन वर्षांत दरवर्षी तीन कोटींची उलाढाल. अशाच स्वरूपाची तीन कामं पूर्ण केल्याचे दाखले. वर बयाणा. साहेब, संबळ वाजवणारे झोके याआधी कुणी बनवले होते, की त्याचे तीन दाखले कुणाकडे असतील? ज्याची कल्पना, ज्याचा नमुना चौकात उभा, तोच दारात अडवला गेला. काम बाहेरच्या पुरवठादाराला गेलं. आज आमच्या झोक्यांच्या जागी फायबरचा मोर, दिव्यांचं झाड आणि सेल्फीची चौकट आहे. ३८ लाख लागले असं बाजारात बोललं जातं. फलकावर मान्यवरांची नऊ नावं आहेत, रक्कम लिहिलेली नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला, अजून उत्तर नाही.

मोराचा पिसारा उघडझाप करेल असं निविदेत होतं. सातव्या दिवशी तो अर्धवट अडकला. मी जवळ जाऊन पाहिलं. आत नायलॉनचं गिअर, मोटरवर धुळीचं झाकण नाही, ग्रीस घालायला झडप नाही. ते बंद पडणारच होतं. हलणारी वस्तू म्हणजे पुतळा नव्हे, की हार घातला आणि वर्षभर विसरलं. तिला दर पंधरवड्याला तेलपाणी लागतं, बोल्ट आवळायला माणूस लागतो. शिकागोतलं क्लाऊड गेट आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं. स्टीलचे १६८ पत्रे जोडलेत आणि सांधा कुठे दिसत नाही. वेल्डर म्हणून त्या कामापुढे मी हात जोडतो. लोक त्याला दिवसभर हात लावतात, म्हणून खालचा सहा फुटांचा भाग रोज दोनदा हातानं पुसला जातो. हलतही नाही अशा शिल्पाची ही निगा. आमच्याकडे देखभालीसाठी किती ठेवले? आमच्या शहरातलं कारंजं कधी बंद पडलं ते मला आठवत नाही, चालू असलेलं मात्र माझ्या मुलानं पाहिलेलं नाही. तो आता २३ वर्षांचा आहे.

उद्‌घाटनाला पैसा आहे, ग्रीसला नाही. सगळा कारभार असाच झाला आहे. रस्ता, नाट्यगृह, बाग, सगळीकडे कोनशिला आधी आणि वस्तू नंतर. मालवणला राजकोट किल्ल्यावर शिवरायांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. आम्ही मान्यता दिली ती सहा फुटांच्या मातीच्या नमुन्याला, असं नंतर कला संचालनालयानं सांगितलं. त्या दिवशी माझ्या वर्कशॉपमध्ये कुणी डबा उघडला नाही. ज्याच्या हाताला लोखंडाचं वजन कळतं त्याला तुम्ही विचारतच नाही. साक्रीच्या पठारावर जाऊन पाहा, पवनचक्क्यांची पाती रात्रंदिवस फिरताहेत. खान्देशात वारं आहे, हात आहेत, आयटीआयमधून दरवर्षी पोरं बाहेर पडताहेत आणि थेट चाकणची गाडी पकडताहेत. माझा मुलगाही तिकडेच गेला. जाताना म्हणाला, पप्पा, तुमचं काम इथे कापूनच टाकणार.

अलेक्झांडर काल्डर हा अमेरिकेचा शिल्पकार, वाऱ्यानं हलणाऱ्या त्याच्या शिल्पांना जग मानतं. तो १९५५ साली अहमदाबादला आला आणि तिथेच बसून त्यानं शिल्पं घडवली. त्याला तिथल्या साराभाईंच्या घरानं बोलावलं होतं. म्हणजे बोलावणारा होता, काम करायला जागा देणारा होता. आम्हाला बोलावलं तुम्ही आणि जागा दिली भंगारात.

दर कमी म्हणून काम द्यायचं हाच नियम आहे असं मला तीन टेबलांवर ऐकवलं गेलं. निदेशकांनी शोधून दाखवलं की केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं २९ ऑक्टोबर २०२१ ला आपल्या खात्यांसाठी दराबरोबर गुणवत्ताही मोजायची मुभा दिली, गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन. दिल्लीला जमतं ते इथे का नाही? आधी कल्पना मागवा, निवडलेल्या चार जणांना नमुना बनवायचे पैसे द्या, निवडायला एक शिल्पकार, एक इंजिनिअर, पेठेतले दुकानदार आणि हातगाडीवाले बसवा, आणि रकमेतला एक भाग पाच वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला बांधून ठेवा. यात न समजण्यासारखं काय आहे? हातगाडीवाले म्हणालो ते मुद्दाम. सुशोभीकरण म्हटलं की पहिली त्यांच्यावर गाडी येते. गोळेवालाही त्याच रात्री उठवला गेला. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, तो संसदेनं केला आहे.

मला माझे १,७४,००० रुपये हवेत. अतिक्रमण हा शब्द लेखी मागे घेतलेला हवा. तीन झोक्यांपैकी दोन बेअरिंगं मला भंगारवाल्याकडे सापडली, किलोच्या भावानं मी ती परत विकत घेतली. जात्याचा आवाज असलेला डबा सापडलेला नाही. सरांच्या मोबाइलवर मूळ आवाज आहे म्हणून वाचलो.

आखाजीला अडीच महिने आहेत. आम्हाला चौकात वीस फूट जागा आणि लेखी परवानगी द्या, या वेळी बारा झोके उभे करायची आमची तयारी आहे. उत्तर टपालानं पाठवा, सही-शिक्क्यासह. फोन करू नका, फोनवरच्या शब्दाचं व्याज मी अजून भरतो आहे.

आपला,
बाजारपेठेमागच्या गल्लीतला एक फॅब्रिकेटर