‘कॅड’वाल्यांनी एकदा शॉपफ्लोअरवर यावं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकीचे प्रवेश सुरू झाले की पुण्यात ‘कॅड शिका, डिझायनर व्हा’ असे फलक चौकाचौकांत लागतात. कॅड म्हणजे संगणकावर पार्टचं डिझाइन करणं. ही मुलं पुढे कंपन्यांत बसून ज्या फाइली पाठवतात, त्या शेवटी माझ्यासारखीच्या टेबलावर येतात, म्हणून हे पत्र.

भोसरी एमआयडीसीत माझं व्हीएमसी मशिनिंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनने धातू कापायचं, छोटं युनिट आहे. मी मूळची आयटीआयची, ड्राफ्ट्समन मेकॅनिकल. ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा ओढायच्या, चुकलं की ब्लेडने खरवडायचं आणि अमोनिया प्रिंट काढायची, असं शिकलेली. तेव्हाचं काही परत यावं असं मला वाटत नाही. अमोनियाचा तो वास ज्याने घेतलाय त्याला वाटणारही नाही. पार्टच्या बाजू कागदावर मांडायची आपल्याकडची पद्धत फर्स्ट अँगल, अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग थर्ड अँगल. कोपऱ्यातलं चिन्ह बघायचं राहिलं की उजवा पार्ट डावा होऊन बसायचा. थ्रीडी मॉडेल आलं आणि ही कटकट संपली. असेंब्लीत एक पार्ट दुसऱ्यात घुसतोय, हेही आता धातूला हात लावण्याआधी कळतं.

माझं म्हणणं वेगळं आहे. स्क्रीनवर कशालाच पैसे पडत नाहीत. धातूत ५० मिलिमीटर खोल पॉकेट, म्हणजे खळगा, काढायचा आणि आतल्या कोपऱ्यांना २ मिलिमीटरची त्रिज्या द्यायची, हे माउसच्या एका क्लिकचं काम. आमच्याकडे त्यासाठी ४ मिलिमीटर जाडीचा एंडमिल, म्हणजे गोल कटर, ५० मिलिमीटर बाहेर काढावा लागतो, म्हणजे जाडीच्या बारापटीहून जास्त. तो थरथरतो, कोपऱ्यात चॅटर मार्क, म्हणजे थरथरीचे वळ, उठतात, नाहीतर सरळ मोडतो. मग इलेक्ट्रोड बनवून स्पार्कवर, म्हणजे ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या मशीनवर, टाका. त्रिज्या ६ केली असती तर १० मिलिमीटरच्या कटरने ते निमूट झालं असतं. आत बसणाऱ्या पार्टचे कोपरे थोडे मारले की पुरे. पण हे विचारायला फोन केला की उत्तर ठरलेलं: “मॅडम, मॉडेल अप्रूव्ह झालंय.”

टॉलरन्सचं, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याचं, तर विचारूच नका. एम ६ बोल्ट नुसता आरपार जावा म्हणून ६.६ मिलिमीटरचं छिद्र आणि त्याला अधिक-उणे ०.०१! तिथे कुणी विचार करून हा आकडा टाकलेला नसतो, टेम्प्लेटमध्ये आधीपासून असतो तोच राहतो. सर्वसाधारण टॉलरन्सचं मानक असलेल्या आयएसओ २७६८ च्या मध्यम वर्गात १०० मिलिमीटर लांबीला अधिक-उणे ०.३ चालतं, साध्या कव्हर प्लेटला त्याहून काटेकोर कशाला हवं? आम्ही मात्र प्रत्येक छिद्र सीएमएमवर, म्हणजे बारीक मापं घेणाऱ्या मशीनवर, तपासून रिपोर्ट जोडायचा, आणि वर दर का वाढवला म्हणून ऐकून घ्यायचं.

याच्या उलट, जिथे टॉलरन्स हवाच तिथे काहीच नसतं. हल्ली पुष्कळदा नुसती स्टेप फाइल, म्हणजे फक्त थ्रीडी आकार, येते. ६२०५ बेअरिंगच्या हाउसिंगचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं भोक, मॉडेलमध्ये नेमका ५२ मिलिमीटर असतो. बेअरिंग हाताने सरकवायचं की प्रेसवर बसवायचं, हे त्यावरून कसं कळणार? एच ७ असा टॉलरन्सचा वर्ग लिहिला असता तर ५२.००० ते ५२.०३० हे आम्हाला कळतं. बहुतेक फाइलींत आटेही उतरत नाहीत, नुसता गुळगुळीत सिलिंडर दिसतो. ६.८ चं छिद्र दिसलं की मशीन लावणारा आमचा सेटर म्हणतो, “हे एम ८ चं टॅपिंग असणार,” म्हणजे इथे एम ८ बोल्टचे आटे पाडायचे असणार. त्याच्या अनुभवावर अशी किती असेंब्ल्या उभ्या आहेत, हे हिंजवडीच्या एसी ऑफिसात कुणाच्या गावीही नसेल.

यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. चाकण, तळवडे, भोसरी इतकं जवळ असून त्यांना कुणी मशीनपाशी आणून उभंच केलेलं नसतं. इंटर्नशिपला येतात तीही बरीचशी सर्टिफिकेटवरच्या शिक्क्यासाठी.

कंपन्यांना माझी विनंती एवढीच आहे. मॉडेलसोबत मापं, फिट आणि आटे लिहिलेलं ड्रॉइंग पाठवा, आणि दोन्हींवर रिव्हिजन नंबर एकच असू द्या. आणि पार्ट नवा असेल तर फाइल अप्रूव्ह करण्याआधी डिझायनरला अर्ध्या दिवसासाठी जॉबवर्कवाल्याकडे पाठवा. पॉकेटची त्रिज्या बदलायला त्या वेळी खरंच एक क्लिक लागते.

– एक लघुउद्योजिका, भोसरी, पुणे