गाठ, औटकी आणि बाबांचा खोकला

पुणे,
रविवार, 17 ऑगस्ट 2025

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज रात्री आठला फोन होत असताना हा पत्र कसलं लिहितोय, असं वाटून दचकू नका. आई पत्र शेवटाकडून वाचायला घेते हे माहीत आहे म्हणून मुद्द्याचं आधीच सांगतो. मला मानेतल्या गाठींचा टीबी झालाय, औषध सुरू होऊन आज सव्विसावा दिवस आहे, ताप गेलाय, भूक लागतेय. हा टीबी छातीत नाही, एक्स-रे स्वच्छ आहे, त्यामुळे माझ्यापासून कुणाला लागण्याची भीती नाही. तुमच्या सूनबाईंची आणि चिऊची तपासणीही केली, दोघी ठणठणीत आहेत.

आता आई, रडून झालं असेल तर पुढचं वाच. फोनवर हे सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. एकदा तू "थांब, कुकर झाला" म्हणून उठलीस, एकदा "बाबांशी बोल" म्हणून फोन दिलास आणि बाबांनी पावसाची चौकशी केली. तिसऱ्यांदा माझाच आवाज फुटला नाही. म्हणून पत्र.

सुरुवात 29 जूनला झाली. रविवारी केस कापायला बसलो होतो. मानेला वस्तरा लावता लावता न्हावी थांबला आणि कानाखाली, जरा मागच्या बाजूला, बोट ठेवून म्हणाला, "साहेब, हितं गाठ हाय बघा. दुखती का?" दुखत नव्हती. दुखत नव्हती हीच पुढे पंचाईत झाली, कारण घरी येऊन मोबाइलवर पाहिलं तर दुखणारी गाठ बरी, न दुखणारी वाईट, असंच जिथंतिथं लिहिलेलं. संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम, वजन उतरणं, यांतलं एकेक वाचायचं आणि आपल्याला आहे का ते आठवायचं. होतं की. जूनपासून संध्याकाळी अंग गरम लागायचं, मी ते ऑफिसच्या एसीवर ढकललं होतं. वजन 68 वरून 63 वर आलं होतं, ते मी सकाळच्या चालण्याच्या खात्यात जमा केलं होतं. आई, तू जूनमध्ये म्हणाली होतीस, "वाळलास रे." मी म्हणालो कॅमेरा वाईट आहे. त्यानंतर व्हिडिओ कॉलला मी मान डावीकडे ठेवून बसायचो आणि कॉलरचा शर्ट घालायचो. आठवतंय ना, "घरात कसले शर्ट घालतोस उकाड्यात" म्हणून तू ओरडली होतीस?

आमच्या डॉक्टरांनी गाठ चाचपली, घसा-दात पाहिले आणि दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. साध्या संसर्गानं सुजली असेल तर उतरेल, नाही उतरली तर पुढचं बघू. त्यांच्या बाजूनं हे अगदी सरळ होतं. माझ्या बाजूनं ते दहा दिवस म्हणजे... काय सांगू. गाठीवरून माझा हात हटत नव्हता. सिग्नलला, मीटिंगमध्ये, जेवताना, बोटं आपोआप तिकडे. चिऊच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी आरशासमोर ती मोजायचो. सकाळी अडीच सेंटिमीटर, दुपारी पावणेतीन, रात्री पुन्हा अडीच. बाबा, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, अरे मोजमापातली चूक मोजतोयस तू, गाठ नाही. दाबून दाबून ती खरोखर दुखायला लागली तेव्हा मला बरं वाटलं, दुखणारी बरी ना! सूनबाईंनी पट्टी काढून घेतली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. चिऊला शाळेत दुसरी पट्टी न्यावी लागली.

6 जुलैला आषाढी होती. तू फोनवर सांगत होतीस की वारी पंढरपुरात पोचली, टीव्हीवर दाखवतायत, आणि साबुदाणा यंदा कसा चिकट झालाय. मी हं हं करत होतो आणि डोक्यात एकच हिशेब चालू होता, चिऊ दहावीला जाईल तेव्हा किती वर्षं झालेली असतील.

रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. तेव्हा मोबाइल हातात घेतला की संपलं. एक दुखणं वाचायला जावं तर तिथून दुसरं निघायचं. सूनबाईंनी मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा नियम केला. मग अंधारात करायचं काय? बाबा, हसू नका, मी पाढे म्हणायला लागलो. तुम्ही सुट्टीत ओट्यावर बसवून घोकून घेतलेले. एकोणतीसचा सुरू केला, "एकोणतीस चोक सोळोदरसे" इथपर्यंत गाडी नीट जायची. ते फार सोपं वाटायला लागलं तेव्हा पावकी, निमकी, दिडकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. औट सत्ते साडेचोवीस आलं की मी हटकून अडखळायचो, पुन्हा औट एके औटपासून सुरुवात. ज्यात चुकायला होतं त्यातच मन गुंततं, सोप्यात ते पुन्हा गाठीकडे पळतं. झोप लागायचीच असं नाही, पण पाच वाजायचे.

डॉक्टरांनी आणखी एक युक्ती सांगितली, ती मात्र कामाची निघाली. काळजी करायचीच असेल तर वेळ ठरवून करा म्हणाले. संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात, वही घेऊन बसायचं, मनात येईल ते सगळं वाईटसाईट लिहायचं, पावणेसातला वही मिटायची. दिवसभरात भीती आली की तिला म्हणायचं, साडेसहाला ये. मला आधी हे पोरखेळ वाटलं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी साडेसहाला बसलो तर लिहायला दोनच ओळी सुचल्या, त्याही कालच्याच. उरलेल्या वेळात मी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढले. पुढे त्यांच्याकडे गेल्यावर ती वहीच कामी आली, एरवी खुर्चीत बसलं की सगळं विसरायला होतं.

गोळ्यांनी गाठ उतरली नाही. 14 जुलैला सोनोग्राफी केली. तिथला प्रसंग सांगू की नको, असं झालंय, पण सांगतो. तपासणारे आधी क्रिकेटबद्दल बोलत होते. मानेवर ते थंड जेल लावून मशीन फिरवलं आणि बोलता बोलता गप्प झाले. मग पडद्यावर एकेक गाठ मोजायला लागले. एक नव्हती बाबा, पाच होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. बाहेर आल्यावर काउंटरवरच्या माणसानं चार लोकांत विचारलं, "काय, कॅन्सरचं आहे का?" आणि पाकीट हातात दिलं. मी पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून ते फाडलं. शेवटच्या ओळीत दोन शब्द होते आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्हं. "? कॉक्स ? लिम्फोमा." लिम्फोमा म्हणजे गाठींचा कॅन्सर, हे मला दोन आठवड्यांच्या वाचनानं पाठ झालं होतं. कॉक्स काय ते कळेना. डॉक्टर म्हणाले, कॉक्स म्हणजे टीबी. 1882 मध्ये रॉबर्ट कॉक यांनी टीबीचे जंतू शोधले, त्यांच्या नावावरून डॉक्टरलोक असं लिहितात, पेशंटसमोर टीबी हा शब्द उच्चारायला नको म्हणून. मी त्या खुर्चीत बसून देवाकडे मागितलं की मला टीबी असू दे. आई, तुला आपला मुलगा असं काही मागेल हे कधी वाटलं होतं का?

16 तारखेला सुई घातली. एफएनएसी म्हणतात त्याला. भूलबिल काही नाही, इंजेक्शनच्या सुईसारखीच बारीक सुई, गाठीत घालून मागेपुढे करतात, मिनिटभराचं काम. भीतीच्या मानानं दुखलं काहीच नाही. बाबा, तुम्ही तिथं हवे होतात. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी सिरिंजमधून काचपट्टीवर थेंब टाकला, दुसऱ्या काचेनं तो सरर्कन पसरला, थोड्या काचा वाळायला ठेवल्या, थोड्या लगेच स्पिरिटमध्ये बुडवल्या. मला तुमची साखर कारखान्यातली लॅब आठवली, दर तासाला उसाचा रस यायचा, तुम्ही ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेबिखरेचं प्रमाण, काढायचात, आणि शेतकी खात्याचा माणूस "रिकव्हरी किती बसंल?" म्हणून मागे लागला की म्हणायचात, "नमुना बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही." बाईही तशाच. सुईतून पांढरट, चक्क्यासारखं काहीतरी आलं होतं. ते त्यांनी वेगळ्या डबीत भरलं आणि एवढंच म्हणाल्या, "हे टीबीच्या टेस्टला पाठवते." त्या एका वाक्यावर मी पाच दिवस काढले.

रिपोर्ट मोबाइलवर येणार होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, रात्री आला तर उघडायचा नाही, सकाळी इथं आणा, दोघं मिळून उघडू. पहिला शुक्रवारी रात्री साडेनऊला आला. सूनबाईंनी मोबाइल उशीखाली घेऊन झोप काढली. मी नाही काढली. सकाळी उघडला, त्यात टीबीकडे बोट होतं. सोमवारी 21 ला सीबीनॅटचा, म्हणजे डबीतल्या नमुन्याच्या टीबी टेस्टचा आला, जंतू सापडले, पण टीबीच्या मुख्य औषधाला, रिफाम्पिसिनला, दाद न देणारे नाहीत, म्हणजे नेहमीच्या औषधानं बरे होणारे. डॉक्टर म्हणाले, "अभिनंदन म्हणायची पद्धत नाही, पण..." आम्ही दोघं बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि हसायला लागलो. येताना मी पेढे घ्यायला निघालो होतो. सूनबाई म्हणाल्या, "दुकानात काय सांगणार, टीबी झाला म्हणून?"

औषध महापालिकेच्या दवाखान्यातून फुकट मिळतं. माझ्या वजनाला रोज चार गोळ्या, एकदम, उपाशीपोटी. दोन महिने चार औषधं एकत्र असलेल्या, पुढचे चार महिने तीनच्या. लघवी नारिंगी होते, पहिल्या दिवशी ते माहीत असूनही पोटात गोळा आला. सरकार महिन्याला 1000 रुपये या हिशेबानं आहारासाठी खात्यावर पैसे टाकतं, आधी 500 होते. काल-परवा गाठ पुन्हा थोडी सुजली. मी पट्टी मागायला गेलो, मिळाली नाही. डॉक्टर म्हणाले, औषध सुरू असताना असं कधीकधी होतं, म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. कल्चरचा शेवटचा रिपोर्ट यायचाय. त्यात जंतू वाढवून बघतात, 42 दिवस वाट पाहतात. बरोबर 27 ऑगस्टला, गणपती बसतील त्या दिवशी भरतात.

बाबा, एक विचारायचं होतं. आजी मानेभोवती पदर घट्ट गुंडाळून असायची. न्हाणीतून येताना मी एकदा तिच्या मानेवरचे ते ओढल्यासारखे व्रण पाहिले होते. "काय गं हे" विचारलं तर म्हणाली, देवीचे वण. पण देवीचे वण असे मानेलाच ओळीनं नसतात. तुम्हीच एकदा बोलताना "गंडमाळा" म्हणाला होतात, आणि "मिरजेला नेलं होतं." आपल्याकडे मिरजेला नेलं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. गंडमाळा म्हणजे हाच मानेतल्या गाठींचा टीबी ना? पंधरा रात्री मी इंग्रजीत शोधत होतो, आणि शब्द आपल्याच घरात, आजीच्या पदराखाली होता. आजी 84 वर्षं जगली. हे मला तेव्हा रात्री तीनला कुणी सांगितलं असतं तर औटकी वाचली असती.

तुम्हाला सात आठवडे कळवलं नाही म्हणून रागवा, पण बेतानं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं तुम्ही मला तिसऱ्या दिवशी सांगितलंत. आईची साखर तीनशेवर गेली होती ते मला मामीकडून कळलं. "उगाच तुला कशाला घोर" हे वाक्य मी तुमच्याकडूनच शिकलोय.

आणि आज लिहायला बसलो त्याचं खरं कारण वेगळं आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात कुणाला खोकला आहे का? मी पटकन नाही म्हणालो. जिना उतरताना आठवलं. मे महिन्यात आम्ही आलो होतो तेव्हा बाबा रात्री ओट्यावर जाऊन खोकायचे, आत आवाज नको म्हणून. तुम्ही म्हणालात, धुळीचा आहे. काल आई फोनवर बोलत होती आणि मागून तोच खोकला आला. ऑगस्टात धूळ कुठली हो बाबा? दोन आठवड्यांवर गेलेला खोकला असेल तर थुंकी तपासायची, एवढाच नियम आहे. कुणाचं कुणाला लागलं याचा हिशेब मला करायचा नाही, तुम्हीही करत बसू नका. धुळीचाच निघाला तर पेढे तिथं घेऊ.

शनिवारी, 23 तारखेला सकाळच्या गाडीनं येतोय. रविवारी पहाटे उठल्याउठल्या, चूळ भरून, चहाआधी, खोल खोकून पहिला नमुना घ्यायचा असतो. लाळ चालत नाही. नमुना कसा घ्यायचा हे मी तुम्हाला शिकवणं म्हणजे जरा अतीच, पण डबी मी घेऊन येतो.

तुमचा

ता. क. आई, शेंगदाण्याचे लाडू करून ठेव. डॉक्टरांनी चांगलं खा म्हणून लिहून दिलंय. मानेला लावायचा तो कसला पाला मामा आणतील, तो मात्र नको.