डेव्हर्सचा थर्ड बेस आणि तुझी खुर्ची

कराड, मंगळवार, 25 मार्च 2025

प्रिय निखिल,

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा बाबा म्हणाले आता चार दिवस त्याला काही बोलू नकोस, म्हणून बोलत नाहीये, लिहितेय. लिहिलेलं निवांत वाचता येतं आणि मधेच "आई प्लीज" म्हणता येत नाही. विषय फक्त रेड सॉक्सचा, तुझ्या त्या बोस्टनच्या बेसबॉल टीमचा. ऑफिसबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

तू म्हणतोस डेव्हर्सच्या थर्ड बेसच्या जागेवर ब्रेगमनला घेऊन त्यांनी टीम बिघडवली. मी म्हणते सुधारली, आणि तू ओरडलास म्हणून काही माझं मत बदललेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात मी तुझ्याकडे होते तेव्हाची टीम आठव ना. जुलैच्या ब्रेकपर्यंत 53 जिंकलेल्या, 42 हरलेल्या, तू अगदी हवेत होतास, आणि मग एकेक मॅच नवांतल्या शेवटच्या दोन-तीन इनिंगमध्ये घालवत घालवत शेवटी 81 जिंकल्या 81 हरल्या, बरोब्बर अर्ध्यावर, सलग तिसऱ्या वर्षी प्लेऑफ नाही. अशा टीमला हात लावायचाच नाही का मग?

त्या नवीन पिचरचं, म्हणजे बॉल टाकणाऱ्या क्रोशेचं घे. त्याच्यासाठी चार पोरं दिली शिकागोच्या टीमला, त्यातला तो कॅचर टील गेला याचं मलाही वाईट वाटलं. पण पोरं म्हणजे अजून पोरंच, आणि हा माणूस 121 मॅच हरणाऱ्या टीममध्ये राहून 146 इनिंगमध्ये 209 जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करून बसला. आजूबाजूला सगळं कोसळतंय आणि हा आपलं काम चोख करतोय, मग लोक आपणहून येऊन घेऊन गेले त्याला. बघ म्हणजे. (हो माहितीये, त्याने जुलैमध्ये अट घातली होती म्हणे की ऑक्टोबरमध्ये, म्हणजे प्लेऑफमध्ये, पिच करायला हवा असेल तर आधी कॉन्ट्रॅक्ट वाढवा. तू हेच सांगणार होतास. पण अट घातली, सोडून नाही गेला.) भीती एवढीच आहे की 2022 मध्ये त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालेलं आहे आणि पूर्ण सीझन स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर म्हणून तो एकदाच खेळलाय. हात टिकला तर ही पंचवीस वर्षांत पाहिलेली सगळ्यात चांगली खरेदी म्हणतील लोक, नाही टिकला तर काय बोलतील ते तूच सांग.

दुसरा नवा पिचर ब्यूलर, त्याच्याबद्दल मी तुझ्या बाजूने आहे. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे फायनलचा, शेवटचा आउट घेतला म्हणून एका वर्षाचे 21 मिलियन डॉलर, आणि त्याआधी अख्ख्या सीझनमध्ये लोक त्याला धू धू धूत होते. आणखी दोन पिचर घेतले, त्यातला चॅपमन 37 वर्षांचा. सँडोवाल तर कोपरामुळे निम्मा सीझन मैदानातच नसणार. म्हणजे नावं वाचली की छाती फुगते आणि मग बघायला गेलं तर उभं कोण आहे याचा हिशेब करावा लागतो. आणि ओनील गेला बाल्टिमोरला, त्याचे 31 होमरन (आपले सिक्सरच म्हण) गेले, पिचर पिवेटा सॅन डिएगोला गेला. त्याची भरपाई कुठून करणार हा प्रश्न आहेच, तो मी नाकारत नाही.

पण ब्रेगमन उजव्या हाताचा आहे रे, त्याचे बॉल जास्त डावीकडे जातात, आणि त्यांच्या फेनवे स्टेडियमची ती हिरवी भिंत डावीकडेच आहे. तूच मला दाखवली होतीस, 37 फूट उंच, आणि होम प्लेटपासून जेमतेम 310 फुटांवर. केनमोअर स्टेशनला उतरून गर्दीतून चालत गेलो, तुझे बाबा म्हणत होते 1912 चं स्टेडियम म्हणजे आपल्या जुन्या थिएटरसारखं असणार, आणि खरंच खुर्च्या तशाच, त्यांचे गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीला लागत होते. तू मला डबल प्ले समजावत होतास आणि शेजारचे ते म्हातारे गृहस्थ ऐकून हसले, म्हणाले तुझ्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी काही बोलले नाही पण आत काय झालं ते मलाच माहीत. ज्या पोराला बारावीत इंग्लिशच्या ओरलला घाम फुटायचा तो तिथल्या माणसाला तिथलाच खेळ समजावतोय. आठव्या इनिंगला सगळे उभे राहून गाणं म्हणायला लागले तेव्हा ऋता माझा हात धरून होती. असो. कुठून कुठे गेले.

सांगत होते ते हे, की तसे उंच मारलेले बॉल दुसरीकडे झेल होतात, तिथे भिंतीला लागून डबल होतात, म्हणजे मारणारा दोन बेस पळतो. शिवाय थर्ड बेसला मागच्याच वर्षी त्याला फील्डिंगचं बक्षीस, गोल्ड ग्लव्ह, मिळालंय. रेड सॉक्सची फील्डिंग आपण दोघांनी डोळ्यांनी पाहिलीये, त्याबद्दल न बोललेलं बरं. त्यात आपल्याच डिव्हिजनमधल्या यांकीजचा पिचर गेरिट कोल, त्याचं याच महिन्यात कोपराचं ऑपरेशन झालं, तो वर्षभर गेला, आणि बाल्टिमोरचा पिचर बर्न्स अॅरिझोनाला गेला. दुसऱ्याच्या दुखण्यावर आपण खूश होऊ नये, पण रस्ता मोकळा झालाय हे तर खरं.

आता डेव्हर्स. इथेच तू चिडलास.

तुझं सगळं पटतं मला. 2023 ला दहा वर्षांचं 313 मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट केलं तेव्हा थर्ड बेस तुझाच असं त्याला सांगितलं होतं. ज्या साहेबाने सांगितलं त्या ब्लूमला त्याच वर्षी काढून टाकलं, ब्रेस्लो आला, आणि आता म्हणे तेव्हाचं तेव्हा. शब्द देणारा निघून गेला आणि शब्दही त्याच्याबरोबर गेला. फेब्रुवारीत डेव्हर्सने फोर्ट मायर्सच्या सराव कॅम्पमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की थर्ड बेस माझी जागा आहे, मी हलणार नाही. तुला तो आवडतो हे काय मला कळत नाही का? तुझी ती आधीची मॅनेजर, जी तुला टीमचा लीड करते म्हणाली होती आणि डिसेंबरात सोडून गेली, आणि आता तो नवीन माणूस बाहेरून आणून तुझ्या डोक्यावर बसवला, आणि तू उभं केलेलं सगळं त्याच्या हातात देऊन तुला म्हणतात सपोर्टचं बघ. मी मूर्ख नाहीये निखिल. रविवारी आपण बेसबॉलबद्दल भांडत नव्हतो.

पण डेव्हर्स या महिन्यात काय म्हणाला? टीमला हवं ते करतो, डीएच (फील्डिंग नाही, फक्त बॅटिंग) तर डीएच. तू म्हणालास "वाकला शेवटी". वाकला असेल. पण त्याचे 313 मिलियन कुठे जात नाहीत, तो वाकला काय नि ताठ राहिला काय. तुझं तसं नाहीये. तुझी नोकरी गेली की व्हिसाचे साठ दिवस, त्यात दुसरी कंपनी मिळाली नाही तर सामान आवरा. आणि ऋताचा इन्शुरन्स तुझ्याच कंपनीचा. जूनमध्ये काय आहे ते मी लिहायला नको.

झालं. लिहिणार नव्हते आणि लिहिलंच. सॉरी. तू 34 वर्षांचा आहेस, तुला साठ दिवस मोजता येतात.

बाबांचं स्टोअरचं प्रकरण तुला अर्धंच माहीत आहे. तू तिसरीत होतास. कारखान्यात नवीन बोर्ड आलं, त्यांचा माणूस स्टोअरला बसवला आणि बाबांना वजनकाट्यावर पाठवलं, ज्यांनी ते स्टोअर पहिल्या नट-बोल्टपासून लावलं होतं त्यांना. त्याच संध्याकाळी राजीनामा टेबलावर ठेवून सायकलीवरून घरी आले आणि मला म्हणाले चहा कर. बरोबर होते ते, आजही म्हणते बरोबर होते. त्यानंतर रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे, दुपारी परत यायचे, आणि मी शाळेतून आले की कुणी काही विचारायचं नाही असा आमचा न बोलता झालेला करार होता. नानांकडे मागायला जायचं नाही हेही ठरलेलं. पाटल्या गेल्या त्याचं मला काही नाही, त्या जाड होत्या, मला आवडतही नव्हत्या. तुझी सायकल पुढच्या वर्षावर गेली आणि तू एकदाही विचारलं नाहीस. तेव्हा वाटलं किती समजूतदार पोरगा. हल्ली वाटतं की गप्प बसून आतल्या आत उकळत राहायची सवय तुला तिथूनच लागली, आणि मग एकदम एखाद्या रविवारी सगळं बाहेर येतं.

बाबांना हे लिहिलंय ते सांगू नकोस. त्यांना वाटतं तुला माहीत नाही.

मी असं म्हणत नाहीये की अपमान गिळ. शोध ना दुसरी, आजपासून शोध, रात्री बसून शोध, ऋताला सांगून शोध (तिला सांगितलंयस ना? तिच्या आवाजावरून मला वाटत नाही). हातात दुसरं लेटर आलं की त्या माणसाच्या टेबलावर राजीनामा आपट, मी इथे पेढे वाटीन. फक्त आधी लेटर. परत लेक्चर झालं ना. हेडमास्तरीणबाई म्हणशील, म्हण.

तू तो मुंबई इंडियन्सचा दाखला दिलास, रोहितला काढून हार्दिकला कॅप्टन केलं आणि टीम तळाला गेली. खरं आहे. नवीन माणूस कितीही चांगला असला तरी ड्रेसिंग रूममध्ये जुना माणूस दुखावलेला बसला असेल तर ते मैदानात दिसतं, हे मला पटलंय, रविवारी पटलं असं म्हणाले नाही एवढंच. म्हणून माझा हिशेब असा, की खेळाडू बघितले तर ही टीम मागच्या वर्षीपेक्षा सात-आठ मॅच जास्त जिंकेल, नव्वदीच्या आसपास, वाइल्ड कार्ड मिळेल, म्हणजे डिव्हिजनमध्ये पहिलं न येताही प्लेऑफ. डेव्हर्स मनातून खेळला तर डिव्हिजनसुद्धा. नाही खेळला तर परत 81. टीमचा मॅनेजर कोरा त्याच्याशी नीट बोलला का हे मला माहीत नाही, बोलायला हवं होतं ब्रेगमनची सही व्हायच्या आधी. तुझ्याशीही कुणीतरी आधी बोलायला हवं होतं, त्या नवीन माणसाला आणायच्या आधी. याचा मला राग येतो, खरंच येतो, तुझ्यापेक्षा जास्त येत असेल.

परवा टेक्ससला पहिली मॅच, क्रोशे पिच करणार. आपल्याकडे मध्यरात्र उलटून जाईल, मी जागी असणारच, तसंही हल्ली झोप लागत नाही. तो पोरगा कॅम्पबेल सेकंड बेसला खेळला तर मला मेसेज कर, मला त्याची बॅटिंग बघायचीये. रविवारी पाडवा आहे, गुढी उभारा, काठी नसेल तर मागच्या वेळची पडद्याची दांडी चालेल. आणि फोन कर. मी ऑफिसचं काही विचारणार नाही. तू एप्रिलमध्ये काय ठरवतोयस तेवढं फक्त सांग.

तुझी,
आई

ता.क. माझं तिकीट मेच्या दुसऱ्या आठवड्यातलं बघतायत बाबा. रिफंडेबल घ्यायचं की साधं, तेवढं कळव.