हत्याराचे चुंबकत्व उतरवताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्क्रू ड्रायव्हर, ड्रिल यांचे चुंबकत्व घालवण्याचे घरगुती उपाय मोबाइलवर बरेच फिरतात. त्यातल्या दोनांपासून लांब राहावे: हत्यार गॅसवर तापवणे आणि तारेचे वेटोळे थेट २३० व्होल्टच्या प्लगला जोडणे.

लोखंडाचे चुंबकत्व पूर्ण जायला सुमारे ७७० अंश सेल्सिअस लागतात. साध्या हत्यारी पोलादाचे पाणी (म्हणजे कठीणपणा) मात्र दोन-अडीचशे अंशांपासूनच उतरू लागते. टोक मऊ पडते आणि पुढच्याच घट्ट स्क्रूवर पिळवटते. आपटल्यानेही चुंबकत्व थोडे घटते, पण कानस आपटली तर तुकडा उडून डोळ्यात जायचा! वेटोळ्याचे म्हणाल, तर थोड्या वेढ्यांना २३० व्होल्ट देणे म्हणजे जवळजवळ शॉर्टच.

चुंबकत्व उतरवायचे चांगले साधन घरीच बनवता येते. २५ मिलिमीटर बाहेरील व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर ६० मिलिमीटर लांबीत २४ गेजची एनॅमल तार (वार्निशचा थर असलेली तांब्याची तार) गुंडाळावी. १०० वेढ्यांचे ६ थर. तार साधारण ५५ मीटर, म्हणजे सव्वाशे ग्रॅम लागते. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते. १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर बंद डब्यात फ्यूजसह बसवून वेटोळ्याला जोडावा आणि मध्ये दाबबटण घालावे. वेटोळे तीनेक अँपिअर घेते आणि झपाट्याने तापते, म्हणून एका वेळी १० सेकंद पुरे. हमखास चूक होते ती ट्रान्सफॉर्मरऐवजी १२ व्होल्टचा अडॅप्टर लावण्याची. त्यातून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह येतो, त्यामुळे चुंबकत्व जायच्या ऐवजी चढते. (चढवायचे असेल तेव्हा अर्थात तोच लावावा; ५ अँपिअरचा, सेकंदभर.)

बटण दाबून हत्यार पाइपात घालावे आणि बटण न सोडता तीन-चार सेकंदांत सावकाश हातभर लांब ओढावे. मग बटण सोडावे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत प्रवाहाची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. प्रत्येक वेळी पोलाद इकडून तिकडे चुंबकित होते, आणि हत्यार दूर जाताना हा झटका कमी कमी होत शून्याजवळ येतो. हत्यार आत असतानाच बटण सुटले, तर त्या क्षणी जेवढे चुंबकत्व असेल तेवढे आत राहते. काम झाले की नाही ते टाचणी लावून पाहावे. उचललीच तर पुन्हा तेच.

चुंबकत्व चढवण्या-उतरवण्यासाठी बाजारात मिळणारा अधिक-वजा खुणांचा प्लास्टिक ठोकळा लहान स्क्रू ड्रायव्हरला पुरतो, जाड ड्रिलला नाही.

ड्रिल, टॅप (आटे पाडायचे हत्यार), कानस, कॅलिपर आणि घड्याळाचे चिमटे यांत चुंबकत्व नकोच. ड्रिलच्या खाचेत कीस अडकून भोक खराब होते, कॅलिपरच्या जबड्यात बसलेला कण माप चुकवतो. म्हणून ही हत्यारे भिंतीवरच्या चुंबकी पट्टीला लावू नयेत.

स्क्रू ड्रायव्हरला चुंबकत्व हवेच असेल, तर निओडिमियम चुंबकाचे एकच टोक दांड्याकडून टोकाकडे, एकाच दिशेने पंधरा-वीस वेळा घासावे. परतताना चुंबक उचलून न्यावा. पेसमेकर असलेल्यांनी या कामापासून दूर राहावे. पितळी आणि ३०४ स्टेनलेसचे स्क्रू मात्र एवढे करूनही धरले जात नाहीत. तिथे टोकाला किंचित ग्रीस लावावे, स्क्रू चिकटून राहतो.

आपला,
एक फिटर, इचलकरंजी