इटली युद्धभूमी सहल : पासपोर्ट आणि पूर्वतयारी

सर्व सभासदांना नमस्कार.

एप्रिलच्या इटली सहलीला येणाऱ्यांनी पासपोर्टची मुदत आजच तपासावी. परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने ती शिल्लक हवी. शेंगेन व्हिसासाठी (इटलीसह युरोपातल्या अनेक देशांना चालणारा व्हिसा) 30,000 युरोंचा प्रवास विमा सक्तीचा आहे. शेवटच्या आठवड्यावर काहीही ठेवू नका.

रोमहून आपण कासिनोला जाऊ. डोंगरावरचा मठ दुसऱ्या महायुद्धात, 15 फेब्रुवारी 1944 च्या बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला होता. आज दिसतो तो पुन्हा बांधलेला. आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मठ बघायला सगळेच जातात, पण आपला खरा वेळ खाली युद्धस्मशानभूमीत जाणार आहे. तिथल्या हिरव्या संगमरवरी स्तंभांवर नाईक यशवंत घाडगे यांचं नाव कोरलेलं आहे. माणगाव तालुक्यातला हा 22 वर्षांचा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान 10 जुलै 1944 रोजी मशीनगनच्या मोर्चावर एकटा धावून गेला. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा त्याने बंदुकीच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना लोळवलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. कबर मात्र कुठेच नाही. म्हणून ते नाव शोधून तिथे फुलं वाहायचीच.

पुढे घाडगे लढले त्या तायबर नदीच्या खोऱ्यातलं मोंतोने गाव, आणि मग फोर्ली शहरातली भारतीय सैनिकांची स्मशानभूमी. 9 एप्रिलला सेनिओ नदीकाठी, जिथे 1945 साली त्याच दिवशी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्याच शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून वाचवलं.

मोंतोने चढावर आहे, चालायचे बूट घ्या. कुणाच्या घरातलं कुणी इटलीत लढलं असेल तर नाव, सैनिक क्रमांक आणि पलटण रविवारच्या बैठकीत द्या. आपण आधीच शोधून ठेवू.